नजीराची बोटं

लालासाब मणेराचं बांगड्यांचं दुकान महाद्वार रोडच्या मागच्या बोळात होतं. दुकान म्हणजे बसायला एक फळी, भिंतीवर काचेच्या बांगड्यांच्या माळा आणि पुढं गिऱ्हाइणीला टेकायला गोणपाट. लालासाब फळीवर बसायचा आणि कामापुरतं बोलायचा. बाकीचं बोलणं त्याची बायको मेहमुदा दोघांच्या वाटणीचं बोलायची. पेठेत किंवा आसपासच्या खेड्यांत लगीन निघालं की चुडा भरायला मेहमुदालाच सांगावा यायचा. तिचा हातच तसा होता. नवरी इकडंतिकडं बघेपर्यंत बांगडी मनगटावर गेलेली असायची.

त्यांना एकच लेक, नजीरा. आईचा हात तिच्यात जसाच्या तसा उतरला होता. पंधरासोळाची झाली तोवर गिऱ्हाइणी "तुझी पोरगी भरू दे गं" म्हणायला लागल्या होत्या. पण ज्या हाताची एवढी तारीफ, त्याची बोटं बघवत नव्हती. अंगठ्याच्या दोन्ही कडा सोललेल्या, तर्जनीचं टोक लालभडक, नखांच्या मुळाशी वाळलेल्या रक्ताच्या रेघा.

हे कधी सुरू झालं ते नजीराला स्वतःलाही सांगता आलं नसतं. शाळेत असताना असावं. अंगठ्याच्या कडेला एखादं सालपट उभं राहायचं, शेजारच्या बोटाला ते खरखरीत लागायचं, आणि मग ते निघेपर्यंत जिवाला चैन पडायची नाही. निघालं की आत कुठंतरी घटकाभर सैल वाटायचं. पण त्याच्या शेजारी नवी कड तयार असायचीच. तोंडानं ती आईशी बोलत असायची आणि हात मांडीवर, ओढणीखाली, आपला उद्योग करत असायचे. बोटाला ओलसर लागलं की ती खाली बघायची. ओढणीला लाल टिपका दिसायचा. परत केलं आपण.

"उंदरागत कुरतडतीस की गं सोताला!" मेहमुदा ओरडायची. "अल्लानं दोन हात दिले ते काय एकानं दुसऱ्याला खायाला?"

उपाय सगळे करून झाले. कडुनिंबाचा रस झाला, मिरचीचं पाणी झालं, दर्ग्यातला ताईत झाला. मिरचीनं बोटांची आगआग व्हायची आणि तरी हात चालायचा. एकदा मेहमुदानं दहाही बोटांना चिंध्या बांधल्या. त्या नजीरानं दातानं सोडल्या. मुद्दाम नव्हे; सोडून झाल्यावरच तिच्या ध्यानात आलं.

फक्त बांगड्या भरताना तिचे हात शांत असायचे. दुसऱ्या बाईचा पंजा हातात घ्यायचा, अंगठ्याचं हाड आत दाबायचं, बांगडी फिरवत वर न्यायची. त्यात बोटांना दुसरं काही सुचतच नसे. त्या वेळी बोटं झाकायची कशी, एवढीच काय ती पंचाईत. नजीरा हात उलटा धरायची आणि भराभर उरकायची.

मग गडमुडशिंगीचं लगीन आलं. मेहमुदाचे गुडघे सुजलेले होते, तेव्हा बांगड्यांचा हारा घेऊन लालासाब आणि नजीरा एस.टी.नं गेली. लालासाब बाहेर सोप्यात पुरुषांत बसला. आत माजघरात बायकांचा गराडा पडला. नवरी नजीराएवढीच, भेदरलेली. नजीरा तिला हसवत होती, "आई गं म्हण, म्हंजे दुखणार न्हाय," म्हणत होती. डावा हात भरून झाला. उजवा घेतला, आणि नवरीची आत्या धोंडुबाई खाली वाकली.

"थांब जरा. पोरी, तुजा हात बघू."

नजीरानं हात ओढणीत घेतला. "काय न्हाय, आत्या."

"काय न्हाय कसं? बघू दे म्हंते की!" धोंडुबाईनं तिचं मनगट धरून हात उजेडात ओढला. सोललेली, चिघळलेली दहा बोटं साऱ्या बायकांपुढं आली. कुणी तरी "अगं बाई" म्हणालं. धोंडुबाईनं तिचं मनगट निखारा हाती लागावा तसं सोडून दिलं.

"रगतपिती हाय हिला! आणि नवरीच्या अंगाला हात लावलायस व्हय गं?"

बायका मागं सरकल्या. नवरी आपल्या हाताकडं बघत राहिली.

नजीराला एवढंच म्हणायचं होतं, की रोग नाही, मीच सोलते. पण ते म्हणायचं कसं? रोग वरून येतो, त्यात माणसाचा काय दोष? आपल्याच नखांनी आपलंच कातडं सोलून रक्त काढणाऱ्या पोरीला काय म्हणतील? येडी म्हणतील. भरल्या माजघरात ती मान खाली घालून बसली आणि तिच्या गप्प राहण्याचा जिनं तिनं हवा तो अर्थ लावला.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनीच आठवायचं. साबणाचं पाणी. नवरीच्या हातातल्या बांगड्या उतरवायची घाई. उतरेनात तेव्हा धोंडुबाईनं त्या उंबऱ्यावर आपटून वाढवल्या. हळदीच्या दिवशी हिरवा चुडा फुटला म्हणून एक म्हातारी कपाळावर हात मारून घेत होती, आणि नवरी मोठ्यानं रडायला लागली. बाहेर नवरीचा बाप लालासाबला खालच्या आवाजात म्हणाला, "लालाभाई, राग मानू नका. पोरीला दवाखान्यात दावा. आमी दुसरं कुणीतरी बघतो."

परतीच्या एस.टी.त लालासाबनं हारा मांडीवर घेतला होता. घर येईस्तोवर तो एकच वाक्य बोलला. "हात झाकून घे."

लालासाबला लेकीची खोड ठाऊक होती. तरीही त्याच्या मनात पाल चुकचुकलीच. बातमी तर त्यांच्याआधी पेठेत पोचली होती आणि गोणपाट दिवसचे दिवस रिकामं राहायला लागलं होतं. तो नजीराला महारोगाच्या तपासणीला घेऊन गेला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात रांग होती. नजीराच्या शेजारी रत्नव्वा नावाची एक कानडी बाई बसली होती. तिची बोटं आत वळलेली, दोन तर अर्धीच उरलेली. तरी त्याच बोटांनी ती चंची उघडून पान लावत होती. "कुठली गं लेकी?" तिनं विचारलं. नजीरानं हात आणखी आत घेतले.

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले. कापसाचा बोळा बोटांवरून फिरवला, टाचणी टोचली. "लागतंय?" "व्हय." "इथं?" "व्हय." मग त्यांनी तिची बोटं खिडकीशी नेऊन नीट बघितली आणि दाराशी उभ्या लालासाबला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हिला काही झालेलं नाही हो. ही स्वतःच सोलते. सोलायची थांबली की बरी होईल."

"मग तितंच का सांगितलं न्हाईस?" बाहेर येता येता लालासाबनं विचारलं. "मला ठाऊक, तुझ्या आईला ठाऊक. त्यास्नी एक शब्द बोलली असतीस तर?"

"लाज वाटली, अब्बा."

"आणि महारोगी म्हणवून घ्यायला न्हाय वाटली?"

व्हरांड्यात रत्नव्वा वाट बघत असल्यासारखी पुढं आली. "काय म्हनला गं डागदर?"

"न्हाय म्हणाला."

"चलो आत, चलो आत!" रत्नव्वा आपल्या कानडीत 'बरं झालं' म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला. "लई बरं झालं, लेकी. देवानं राखली तुला." तिनं वाकड्या बोटांनी नजीराच्या गालावरून हात फिरवला. "मग बोटाला काय झालंय?"

नजीरा पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत पळत गेली. गडमुडशिंगीच्या माजघरात वाटली नव्हती एवढी लाज तिला त्या पायऱ्यांवर वाटली. पुढं कितीतरी वर्षं बोटं सुरू झाली की रत्नव्वाचा तो आनंदानं उजळलेला चेहरा तिच्यासमोर यायचा. त्यानंही बोटं थांबायची नाहीत.

मेहमुदा सुजल्या गुडघ्यांनी गडमुडशिंगीला जायला निघाली, तेव्हा नजीरानं तिचे पाय धरले. "मीच करते म्हणून सांगू नको, अम्मी."

"मग काय सांगू?"

"भाजलं म्हणून सांग."

मेहमुदानं तसं सांगितलं. दहाही बोटं एकदम कशी भाजली, असं धोंडुबाईनं विचारल्यावर ती चपला घालून निघून आली.

त्यानंतर नजीरा गिऱ्हाइणींपुढं आली नाही. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खणात बसून ती बांगड्या निवडायची, एका मापाच्या दोऱ्यात ओवून त्यांचे तोडे बांधायची. तिथं बघणारं कुणी नव्हतं, आणि बघणारं नसलं की हाताला आणखीच ऊत यायचा. मेहमुदा रोज बोटं तपासायला लागली, तसा हात खाली गेला. टाचेचं कातडं जाड. एक टोक सापडलं की लांबच्या लांब पट्टी निघायची. पायमोजे घातले की कुणाला दिसायचं नाही. चालताना कळ डोक्यापर्यंत जायची. कुणी विचारलं तर पाय मुरगळलाय म्हणायचं. तिचा पाय बारा महिने मुरगळलेला असायचा.

सत्तर सालच्या आसपास तिचं लग्न झालं. निसार जयसिंगपूरकडचा, उद्यमनगरात लेथवर कामाला. मेंदी लावणाऱ्या बाईला मेहमुदानं दम भरला होता, "गच्च लाव, जागा म्हणून सोडू नको." मेंदीच्या रंगात बोटं खपून गेली. निसार साधा माणूस. त्याच्या हातांना कायम काळं तेल, एका बोटाचं नख पत्र्यानं गेलेलं, तळहातावर चरे. ते हात ताटापुढं आले की नजीराला आपले हात कुठं ठेवावेत कळायचं नाही. त्याच्या जखमा कामाच्या होत्या.

चादरीवर पायाशी डाग दिसले तेव्हा त्यानं विचारलं. ती म्हणाली, "टाचा फुटतात माझ्या. आमच्यात समद्यांच्याच फुटतात."

निसारनं ते खरं धरलं. कोकमाचं तेल घेऊन आला. कामावरून आला, हातपाय धुतले की वाटीत तेल पातळ करायचा आणि तिचे पाय मांडीवर ओढायचा.

"माझे पाय नका धरू. पाप लागंल."

"कशाचं पाप? लेथला रोज तेल घालतो, तुला घातलं तर काय झालं?"

तो हसायचा. तिच्या अंगावर काटा यायचा. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला की तेलानं मऊ झालेलं कातडं आणखी सहज निघायचं. संध्याकाळी तो चुकचुकायचा, "लई फुटतंय गं तुझं," आणि पुन्हा तेल लावायचा. असं दोन हिवाळे चाललं. त्याच्या मांडीवर पाय ठेवून ती भिंतीकडं बघत बसायची. खरं सांगायची वेळ रोज यायची आणि रोज टळायची. जेवढी टळायची तेवढं सांगणं जड होत जायचं.

लेक शमशाद वर्षाची झाली त्या पावसाळ्यात नजीराची डावी टाच पिकली. पाय नडगीपर्यंत सुजला, ताप चढला. निसारनं रिक्षा करून सरकारी दवाखान्यात नेलं. पू काढताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे कशानं झालं?"

"टाचा फुटतात तिच्या," निसार म्हणाला. "मी रोज तेल लावतो, बाई. तरी बी."

डॉक्टरीणबाईंनी दुसरी टाच बघितली, मग बोटं बघितली, आणि नजीराकडं बघितलं. बोलल्या मात्र काही नाहीत. त्या काही बोलल्या असत्या तर कदाचित नजीरा गप्प बसली असती.

"फुटत न्हाईत," ती म्हणाली. "मी सोलते."

निसारला आधी कळलंच नाही. "काय सोलतीस?"

"कातडं. लहानपणापासनं."

घरी आल्यावर तो तिला औषधं वेळेवर देत होता, पोरीला सांभाळत होता, पण बोलत नव्हता. बोलला तो पाय जमिनीला टेकवता यायला लागल्यावर.

"म्हंजे मी तेल लावालो होतो, आणि मी गेलो की तू परत उकरत होतीस."

"व्हय."

"रोज?"

"जवळजवळ रोज."

"मला येडा समजत होतीस?"

"न्हाय. मला सोताचीच घाण वाटत होती."

निसारनं कोकमाच्या तेलाची वाटी उचलली आणि मोरीत ओतली. पण राग धरून बसायचा त्याचा स्वभाव नव्हता. यंत्र बिघडलं की दुरुस्त करायचं, एवढंच त्याला ठाऊक. दोनचार दिवसांनी त्यानं त्याच्या परीनं दुरुस्ती सुरू केली. नजीराचा हात बोटांशी गेला की तो म्हणायचा, "हात!" जेवताना, पाणी भरताना, पावण्यांसमोर. "हात!" ती दचकायची, हात बाजूला करायची, आणि त्याची पाठ वळली की दुप्पट सोलायची.

ईदला जयसिंगपूरची सगळी मंडळी जमली होती. शीरखुर्मा झाला होता, बायका एका बाजूला गप्पा मारत होत्या. तीन वर्षांची शमशाद खेळता खेळता थांबली, आईकडं बोट दाखवून बापाच्याच आवाजात ओरडली, "अम्मी, हात!"

सगळ्या हसल्या. एका जावेनं विचारलं, "काय गं, काय म्हणालीय ती?" आणि सगळ्यांच्या नजरा नजीराच्या मांडीकडं गेल्या. अंगठ्यातून रक्त येत होतं. ती उठून मोरीत गेली आणि पाणी सोडून तिथंच उभी राहिली.

पाहुणे गेल्यावर तिनं निसारला समोर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा ती या विषयावर स्वतःहून बोलली.

"मला हात म्हणू नका."

"मग काय करू? बघत बसू?"

"बघू बी नका. तुमी वरडला की मला वाटतं जमीन दुभंगावी आणि आत जावं. आणि आत गेले तर तितं बी मी सोलतच बसणार." ती रडत नव्हती. "थांबवता येत असतं तर लगीन व्हायच्या आधीच थांबवलं असतं की."

निसारनं विचारलं, "कशानंच थांबत न्हाय?"

नजीरानं विचार केला. हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. "हात ओले असले की कमी होतं. शिवायला घेतलं की कमी. आणि बांगड्या भरताना अजाबात न्हाय."

"मग भर की बांगड्या."

"ही बोटं घेऊन?"

"तुझ्याकडं दुसरी हायत काय?" निसार म्हणाला.

तरी ती लगेच गेली नाही. अंगठ्यांना चिकटपट्टी लावायची, पायमोजे काढायचेच नाहीत, कडा उभी राहिली की नेलकटरनं कापून टाकायची, असलं काहीबाही तिनं करून बघितलं. काहीचा उपयोग झाला, काहीचा नाही. लालासाब वारला आणि मेहमुदा एकटी दुकानात बसेनाशी झाली, तेव्हा नजीरा परत त्या फळीवर आली.

पहिल्याच आठवड्यात अंबूबाई आली. कपिलतीर्थावर भाजी विकणारी, आवाज बोळाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा. नजीरानं तिचा पंजा हातात घेतला आणि तिचं लक्ष बोटांकडं गेलंच. "काय झालंय गं बोटास्नी?"

आत खणात मेहमुदा खाकरली. भाजलं म्हण, असा त्या खाकरण्याचा अर्थ होता. नजीराचे कान तापले. चेहरा एवढा तापला की तिला वाटलं समोरच्या बाईला ती धग लागत असेल.

"कातडं सोलायची खोड हाय मला, मावशी. रोग न्हाय. माझं मीच करते."

"अगं, मग सोलू नको की!"

"थांबवता येत न्हाय."

अंबूबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं, बोटांकडं बघितलं. "बरं," ती म्हणाली. "त्या हिरव्या दाखीव. बारीक नको, भाजीच्या पाट्या उचलायच्या असतात मला."

सगळ्याच अंबूबाई नव्हत्या. काहींनी हात मागं घेतले आणि "उद्या येते" म्हणून गेल्या त्या कधी आल्या नाहीत. एकीनं पोरीला सांगितलं, "तिच्याकडं नको भरू." अशा दिवशी नजीरा घरी जाऊन पायमोजे काढायची आणि जे व्हायचं ते व्हायचं. दुसऱ्या दिवशी लंगडत दुकान उघडायची. कुणी पायाचं विचारलं तर मात्र मुरगळला म्हणायची नाही.

"गिऱ्हाइकाला कशाला सांगतीस?" मेहमुदा कुरकुरायची. "भाजलं म्हटलं तर काय बिघडतंय?"

"अम्मी, भाजलं असतं तर इतक्या वर्षांत बरं झालं असतं की."

मेहमुदा त्यावर हसली, मग पदर डोळ्यांना लावला. मरेपर्यंत तिला ही गोष्ट पटली नाही. लेकीनं आपली खोड चारचौघांत सांगावी यापरीस तिला ती खोड बरी वाटायची.

नजीराची बोटं पुरती बरी झाली नाहीत. कधी महिना दोन महिने अशी जायची की अंगठ्यावर नवं गुलाबी कातडं धरायचं आणि ती ते स्वतःशीच न्याहाळायची. मग शमशादची परीक्षा, नाहीतर निसारचा कारखाना बंद पडायची अफवा, नाहीतर काहीच कारण नसायचं, आणि एका दुपारी सगळं उखडून निघायचं. त्या दिवशी ती निसारला सांगायची, "आज झालं." तो "बरं" म्हणायचा. पूर्वी लपवण्यात जेवढा जीव जायचा तेवढा आता जात नव्हता, एवढाच काय तो फरक. लाज गेली नव्हती. रोज कुणीतरी नवी बाई गोणपाटावर टेकायची, तिची नजर बोटांवर यायची, आणि नजीराचा हात आधी ओढणीकडं वळायचा.

ब्याऐंशी सालच्या नागपंचमीला दुकानात अशी रीघ लागली की सकाळपासून तिला पाणी प्यायला फुरसत नव्हती. दुपारी एक नवी सून सासूबरोबर आली, कोवळ्या हाताची, बिद्रीकडची. तिनं नजीराच्या बोटांकडं बघितलं आणि सासूकडं बघितलं. सासू काही बोलायच्या आत नजीरा म्हणाली, "रोग न्हाय बाई, माझी मीच सोलते," आणि सुनेच्या अंगठ्याचं हाड हलकेच आत दाबलं. सासूनं तोंड वाकडं केलं. सून "आई गं" म्हणाली. बांगडी वर गेली होती.